गादीवाल्यांच्या पोरीची साक्ष

अकोल्याच्या ताजनापेठेत गयासुद्दीन गादीवाल्यांचं नाव काढलं, की माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे त्यांनी भरलेल्या रजईतला कापूस कितीही हिवाळे गेले तरी एका कोपऱ्यात गोळा होत नाही. दुसरी म्हणजे रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी या माणसापुढे उभं राहण्यापेक्षा पोलिस ठाण्यात जाऊन बसलेलं बरं. त्यांची मुलगी निखत अमरावतीला कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मेलेल्या ताऱ्यांच्या मागे लागलेली असते, ही तिसरी गोष्ट. ती सांगताना मात्र मधली काही वर्षं लोकांचा आवाज जरा खाली यायचा, आणि त्याला कारण होतं.

आधी त्या एकोणतिसाव्या संध्याकाळचं सांगायला हवं. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. सगळा मोहल्ला गच्च्यांवर चढलेला असतो, शिंप्याच्या दारात उरलेल्या कपड्यांसाठी भांडणं लागलेली असतात, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतो, दिसला! अशा ओरडणाऱ्यांना चांद कमिटीच्या मौलानांपुढे नेण्याआधी एकदा गाळून घ्यायचं, हे काम गयासुद्दीन यांच्या घराण्याकडे कधीपासून आहे कुणास ठाऊक. दोघं आले की ते एकाला दुकानात बसवतात, दुसऱ्याला घरात. मग एकेकाला विचारतात. कुठं होता? टोकं कुणीकडे होती? मध्ये कधी दिसेनासा झाला का? हा शेवटचा प्रश्न त्यांचा लाडका. त्यांचं म्हणणं असं, की ज्याने खरंच पाहिलं तो कुठे दिसलं नाही तेही सांगतो, आणि ज्याला नुसती ईद हवी असते त्याला सगळंच दिसलेलं असतं.

उत्तरं जुळली, की गयासुद्दीन टोपी सारखी करतात, चपला पायात सरकवतात आणि एकच शब्द बोलतात, “चला.” नाही जुळली तर तेवढ्याच गोडीने म्हणतात, “बसा, पाणी प्या.” आजवर आमदारांच्या मेहुण्यालाही त्यांनी पाणी पाजलेलं आहे.

निखत अकरावीत होती तेव्हा तिलाही पाजलं.

त्या वर्षी पश्चिमेला विरळ ढग होते. निखत आणि तिचा थोरला भाऊ फुरकान गच्चीवर उभे होते आणि दोघांनाही चांद दिसला. बारीक, एखाद्या सुतासारखा. दोघं धडाधड पायऱ्या उतरले आणि उतरता उतरता फुरकान म्हणाला, “मिनाराच्या उजव्या अंगाले होता न?” निखत म्हणाली, “हाओ, अन् टोकं वरती.” झालं. खाली अब्बांनी एकाला घरात बसवलं, दुसरीला कापसाच्या गठ्ठ्यावर. दोघांनीही सांगितलं, मिनाराच्या उजव्या अंगाले, टोकं वरती. शब्दसुद्धा तेच.

“पायऱ्यांवर बोलले का दोघं?” गयासुद्दीन यांनी विचारलं.

दिवसभराचा रोजा नुकताच सुटलेला. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. “हाओ, अब्बा.”

“बस बेटा. पानी पी.”

दुसऱ्या दिवशी रोजा झाला. त्या संध्याकाळी चांद असा ठसठशीत वर आला, की शेजारणी म्हणाल्या, हा तर कालचाच. आता हे शेजारणी दरवर्षी म्हणतात, तो भाग वेगळा. पण निखतच्या डोक्यात तिडीक गेली. ती कारखान्यात शिरून बापाला म्हणाली, “पाहा! होता का नाही काल चांद?”

गयासुद्दीन यांनी हातातली सुई ठेवली नाही. “चांद होता का नाही, हे मी तुले विचारलंच नव्हतं. तू पाह्यला का, हे विचारलं होतं. अर्धा तू पाह्यला, अर्धा तुले फुरकाननं दाखवला. आता थो अर्धा कोनता, हे तुले बी सांगता येत नाही.”

निखतने त्या ईदला शीरखुर्म्याला तोंड लावलं नाही. तिची आई हलीमाबी अजूनही ती हकिकत पाहुण्यांना सांगते, आणि निखत अजूनही चिडते.

पुढे ती अकोल्यातच बीएस्सी झाली, अमरावतीला एमएस्सी, पुण्याला पीएचडी. पुण्यात राहा म्हणणारे खूप होते. ती परत आली, आणि अमरावतीच्या एका साध्या कॉलेजात नोकरीला लागली. तिथे प्रयोगशाळेतला निम्मा वेळ मुलांनी तोडलेले लोलक मोजण्यात जातो. परत काहून आली, असं कुणी विचारलं की म्हणायची, “तारे काय पुन्यातूनच दिसतात का?” लग्न केलं नाही. त्यावर हलीमाबीने जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालेलं आहे.

ती करते काय, हे ताजनापेठेत कुणाला धड सांगता येत नाही. कॉलेजातही फारसं कुणाला येत नाही. तर गोष्ट अशी, की मोठा तारा फुटून मरतो तेव्हा कधी कधी त्याचा गाभा मागे उरतो. बडनेऱ्यासकट अमरावती झाकली जाईल, एवढाच तो गोळा. वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि प्रत्येक गिरकीला त्याच्याकडून रेडिओ लहरींचा एक ठोका येतो, अगदी नेमका. हा पल्सार. काही पल्सार सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात. मेल्यानंतर एवढी गती त्यांना मिळते कुठून? जोडीदाराकडून. शेजारी फिरणारा दुसरा तारा म्हातारा होऊन फुगतो, अंगावरचं सगळं पल्सारवर ओतत जातो, त्याला पुन्हा गती देतो आणि शेवटी स्वतः विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा उरतो. तो श्वेत बटू. पल्सारचा ठोका रेडिओ दुर्बिणीला ऐकू येतो, पण श्वेत बटू गप्प असतो. तो फक्त दिसू शकतो, आणि तोही नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षा लाखो पटींनी मंद. मात्र एकदा सापडला, की दोघांचं वजन काढता येतं, आणि निखारा किती निवला त्यावरून वयही कळतं. ज्याने सगळं देऊन टाकलं त्याला कुणीतरी एकदा नीट पाहावं, असं निखतला मनापासून वाटायचं, आणि हे ती वर्गात न लाजता सांगायची.

नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीला असा एक नवा पल्सार सापडला आणि त्याचा जोडीदार शोधायचं काम निखतच्या वाट्याला आलं. सोबत होती तिची पीएचडीची विद्यार्थिनी आकांक्षा. ही धामणगाव रेल्वेची, पंजाबराव नावाच्या कास्तकाराची मुलगी. हुशार, बोलकी, आणि मनात आलेलं ओठावर यायला तिला वेळ लागत नाही. चिलीतल्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीने त्या जागेचे फोटो काढून पाठवले तेव्हा दोघी एकाच कॉम्प्युटरपुढे खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मध्ये गिला वड्याची प्लेट.

“मॅडम, थो पाहा.”

“कोनता? हा?”

“हाओ, तोच!”

“तोच गं, तोच!”

एक फिकट ठिपका होता. दोघींनी वेगवेगळी मापं घेतली ती त्याच ठिपक्याची, आणि मापं अर्थातच जुळली. निखतने पुण्याच्या सभेत ते जाहीर केलं. अमरावतीच्या पेपरात दोघींचा फोटो आला. आणि इकडे अकोल्यात, ज्या माणसाने आयुष्यात कुणाला प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नाही, त्या गयासुद्दीन यांनी फोनवर बातमी ऐकली आणि काहीएक न विचारता मोहल्लाभर पेढे वाटले.

वर्षभरात दुसऱ्या एका गटाने अवकाशातल्या दुर्बिणीतून तीच जागा पाहिली. तो ठिपका म्हणजे तारा नव्हताच. फार मागे, फार लांब असलेली एक दीर्घिका होती, आणि तिचा पल्सारशी काडीचा संबंध नव्हता.

निखतने स्वतः उभं राहून सांगितलं, की आमचं चुकलं. तिथे कुणी तिला टोचून बोललं नाही, हे त्या लोकांचं भलेपण. पण ताजनापेठ काही भली नाही. गादीवाल्याच्या पोरीला कुणी पाणी पाजलं, अशी कुजबुज पानठेल्यावर झाली आणि ती गयासुद्दीन यांच्या कानावर जायची तशी गेलीच. त्या महिन्यात निखत घरी आली तेव्हा बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. पायऱ्या चढून ती गच्चीवर निघाली, आणि अर्ध्यातच थांबली. याच पायऱ्या. “उजव्या अंगाले होता न?” “हाओ.” आकांक्षा आणि ती, दोघी पायऱ्यांवर बोलल्या होत्या. गिला वड्याची प्लेट मध्ये ठेवून बोलल्या होत्या.

रेडिओवाल्यांची मोजणी चालूच होती. दोन वर्षांत पल्सारची जागा आणखी पक्की झाली आणि ती आधीच्या जागेपेक्षा किंचित बाजूला निघाली, एका ठळक ताऱ्याच्या झगमगाटात. निखतने जुन्या फोटोंतून त्या ताऱ्याचा उजेड हळूहळू वजा केला, तेव्हा त्याच्या कुशीत एक निळसर पांढरा ठिपका उरला. या वेळी ती ओरडली नाही. उठून पाणी प्यायली.

आता नुसता ठिपका दाखवून भागणार नव्हतं. तो खरंच जोडीदार असेल तर पल्सारभोवती फिरत असेल, दिवसाला जवळपास तीन फेऱ्या. म्हणजे कधी आपल्या दिशेने येत असेल, कधी लांब जात असेल. तो येतो तेव्हा त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघा निळ्याकडे सरकतात, जातो तेव्हा तांबड्याकडे. इकडे पल्सारच्या ठोक्यांवरून, श्वेत बटूला एकदाही न पाहता, तो कोणत्या वेळी कुठे असला पाहिजे हे सांगता येतं. एक साक्ष रेडिओची, एक प्रकाशाची. दोघांची कधी गाठ पडलेली नाही. ती जुळली तर जगातला कुणीही शंका घेणार नव्हता. आणि नाही जुळली तर आकांक्षाची पीएचडी तर बसलीच असती, पण यापुढे निखतच्या शब्दावर कुणी दुर्बीण वळवली नसती. एकदा खोटी ठरलेली साक्ष दुसऱ्यांदा खोटी ठरली, तर माणसाला तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

दुर्बीण मिळायला अर्ज करून वाट पाहावी लागली, पण मिळाली. सलग दोन रात्री. चिलीत रात्र असते तेव्हा वऱ्हाडात सकाळ असते, म्हणून निखत सकाळीच विभागात जाऊन बसली. शिपाई भगवंतने स्वतःच्या डोक्याने दारावर पाटी लावली, ‘आत परीक्षा चालू आहे’, आणि चहा आणून ठेवत म्हणाला, “मॅडम, तथी रात होऊन राह्यली अन् तुमी अथी सकाळचा चहा पिऊन राह्यल्या. आता याले काय म्हनाव!”

बाहेर व्हरांड्यात आकांक्षा पाय आपटत उभी होती. तिला आत घेतलं नव्हतं.

“मॅडम, मले काहून दूर ठेवता? माझा बी हाये थो तारा.”

“तुझा हाये म्हनूनच,” निखत म्हणाली. “तुले काहीच माहीत नसाले पाह्यजे. कधी काढला, कोनत्या टायमाले, काहीच नाही.”

“माह्यावर भरोसा नाही का?”

“माझ्यावर नाही,” निखत म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पडद्यावर एकामागून एक श्वेत बटूच्या प्रकाशाचे वर्णपट उतरत होते. दुसऱ्या सकाळी मध्येच तिकडचा माणूस व्हिडिओवरून म्हणाला, की ढग आला आहे. तो गेला, पण तो एक वर्णपट पार मरगळलेला आला. निखतने तोही ठेवला आणि ढगाची गोष्ट मनात ठेवली. मग तिने प्रत्येक फाइलीतली वेळ स्वतःच्या वहीत उतरवून पुसली आणि आकड्यांऐवजी गावांची नावं दिली, म्हणजे आधी कोणतं आणि नंतर कोणतं हे कळायलाच नको. मूर्तिजापूर, सेमाडोह, परतवाडा, चिखलदरा, अंजनगाव, धामणगाव. त्या मरगळलेल्याचं नाव दर्यापूर. हे सगळं उलटंपालटं करून तिने आकांक्षाच्या हवाली केलं आणि सांगितलं, “दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून मोज. कोनतं गाव येऊन राह्यलं, कोनतं जाऊन राह्यलं, अन् किती जोरात. मले फोन करायचा नाही.”

आकांक्षाने गावांची नावं वाचली, तिला हसू आलं आणि राग थोडा उतरला.

निखतही अकोल्याला गेली. कारखान्यात रजयांचा हंगाम ऐन भरात होता. पिंजायच्या यंत्रातून कापूस भसाभसा बाहेर पडत होता आणि गयासुद्दीन यांच्या दाढीत, भुवयांत, चष्म्याच्या काड्यांत बसत होता. त्या धुरळ्यातच तिने रेडिओवाल्यांनी दिलेल्या ठोक्यांवरून हिशोब पुरा केला. प्रत्येक गावाच्या वेळी श्वेत बटू कुठे असला पाहिजे, किती वेगाने येत किंवा जात असला पाहिजे. झाल्यावर फोन उचलून आकांक्षाला विचारावंसं इतकं वाटलं, की तिने फोन आईच्या हातात दिला आणि लपवून ठेवायला सांगितला. हलीमाबीने तो तांदळाच्या डब्यात घातला.

मग ती बापापुढे जाऊन उभी राहिली.

“अब्बा, आमचं एक काम हाये. आकांक्षा उद्या धामनगावहून गाडीनं येऊन राह्यली. आमाले दोघीले येगयेगळं बसवा अन् विचारा. जसं तुमी चांदाचं विचारता तसं.”

गयासुद्दीन यांनी यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं.

“मले थ्यातलं काय समजते, बेटा?”

“समजाले नाही पाह्यजे. आमाले दोघीले घाई हाये. तुमाले नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मागच्या टायमाले तू फोन केला, तवा मी तुले एक बी सवाल केला नाही. सगळ्या दुनियेले विचारतो, तुले नाही विचारलं. बाप होऊन गेलो.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “या टायमाले सोडनार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आकांक्षा आली, लॅपटॉप आणि घरच्या अनारशांचा डबा घेऊन. तोंड उघडायच्या आत गयासुद्दीन यांनी तिला आतल्या खोलीत हलीमाबीजवळ बसवलं. निखतला कारखान्यात, अकरावीत बसवलं होतं त्याच कोपऱ्यात, कापसाच्या गठ्ठ्यावर. मधलं दार लावलं.

“सगळ्यात जोरात अंगावर येऊन राह्यलं, थे गाव कोनतं?”

“सेमाडोह,” निखत म्हणाली.

ते आत गेले. परत आले. चेहऱ्यावर काही नाही. आमदारांच्या मेहुण्यासमोर होता तोच चेहरा.

“सगळ्यात जोरात पळून जाऊन राह्यलं थे?”

“धामनगाव.”

पुन्हा आत. या वेळी आतून आकांक्षाचा काहीतरी तक्रारीचा सूर आला, पण शब्द कळेनात. अंगाला चिकटलेला कापूस निखत उगाच वेचत राहिली. अब्बा आले, परतवाड्याचं विचारलं. गेले, आले, अंजनगावचं विचारलं. मूर्तिजापूर ना येत ना जात, असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी एक भुवई वर केली. बाप जगात कुणाचाही असो, साक्ष घेताना तो असा दिसत असेल तर लोक मोहल्ला सोडून कसे जात नाहीत, असं तिला वाटून गेलं. सगळी गावं संपली. एक उरलं होतं.

“दर्यापूरचं सांग.”

“हिशोबानं थे हळूहळू अंगावर येऊन राह्यलं पाह्यजे,” निखत म्हणाली. मग थांबली. “पन अब्बा, थ्या टायमाले ढग आला होता. आकांक्षाले थे माहीत नाही. मी कोनालेच सांगलं नाही.”

गयासुद्दीन आत गेले आणि या वेळी लवकर आले नाहीत. पलीकडून हलीमाबीचा आवाज आला, मग अब्बांचा, मग पुन्हा अब्बांचाच. निखतने डोळे मिटून घेतले. पोरीने अंदाजाने काहीतरी सांगितलं असणार. येतंय म्हणाली असेल तर जुळेल, आणि तरीही ती खोटी साक्ष असेल. त्या ढगातून कुणालाच काही दिसणं शक्य नव्हतं. आणि एक खोटं निघालं, की बाकीच्या गावांवरही भरवसा उरणार नाही. तिला तेव्हा स्वतःच्या नावाचं काही वाटत नव्हतं. आकांक्षाने फक्त खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

दार उघडलं.

“पोरगी म्हनते, दर्यापूरचं मले सांगता येत नाही. तथी काहीच दिसत नाही म्हनते.” गयासुद्दीन दारातूनच सांगत होते. “मी म्हनलं, बाकीचे सगळे सांगतले, एक अंदाजानं सांगून दे, तुझ्या मॅडमचं काम होऊन जाईन. तीनदा म्हनलं. तिसऱ्या टायमाले मले म्हनते, काकाजी, मी अंदाजानं नाही सांगत, तुमाले पाह्यजे तर थे गाव काहाडून टाका.”

“अन् बाकीचे?” निखत गठ्ठ्यावरून उठली.

“बाकीचे सगळे जसे तू सांगतले तसेच. धामनगावावर तर भांडली. म्हने मले वाटलं होतं आपलं गाव तरी अंगावर येईन, पन पळूनच जाऊन राह्यलं.”

तेवढ्यात आकांक्षाला धीर निघाला नाही. ती धाडकन दार ढकलून लॅपटॉपसकट आत आली, मागे हलीमाबी. गठ्ठ्यावरच लॅपटॉप उघडला. ठोक्यांवरून निखतने काढलेली लाट एका रंगात होती, वर चढून खाली उतरणारी. आकांक्षाने वर्णपटांतून मोजलेले वेग आता एकेक गाव करून त्या लाटेवर बसायला लागले. सेमाडोह बसलं. परतवाडा, चिखलदरा. मूर्तिजापूर बरोबर मधल्या रेघेवर. धामणगाव पार टोकाला. लाट आणि गावं यांच्यात सुईचं टोक मावायला जागा नव्हती. फक्त दर्यापूरची जागा रिकामी होती.

“मॅडम!” आकांक्षा किंचाळली, आणि तिने दोन्ही ओंजळींनी पिंजलेला कापूस उचलून छताकडे फेकला. निखत रडत होती आणि हसत होती. तो होता. सूर्य जन्मायच्या किती तरी आधी सगळं देऊन टाकून बसलेला, निवत चाललेला, झगमगाटाच्या आड लपलेला निखारा खरोखर होता, आणि त्यांनी त्याला पाहिलं होतं. या वेळी कुणी कुणाला दाखवलं नव्हतं. हलीमाबीला लाट कळली नाही, गावं कळली. ती म्हणाली, “शेवया हायेत घरात. दिवाळीत शीरखुर्मा केला तर कोनी पकडून नेनार हाये का?” आणि ती दूध तापवायला धावली. या वेळी निखतने दोन वाट्या मागितल्या.

हे सगळं चाललेलं असताना गयासुद्दीन कुठे दिसेनात. निखतने वळून पाहिलं. ते दाराशी उभे होते. कापूस झटकून त्यांनी खुंटीवरची टोपी काढली होती आणि ती डोक्यावर सारखी करत होते. मग त्यांनी एका पायात चप्पल सरकवली, दुसऱ्या पायात सरकवली.

“चल,” ते म्हणाले.

निखतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “कुठं, अब्बा?”

“कुठं म्हंजे? मौलाना साहेबाले सांगाले. तुबी चल वं पोरी, दोन गवाह लागतात.”

डोक्यात, खांद्यावर कापूस घेऊनच त्या दोघी त्यांच्यामागे निघाल्या. लख्ख दुपार होती. गयासुद्दीन असे ताठ चालले होते, की समोरून येणाऱ्या हातगाडीवाल्याने आपणहून गाडी बाजूला घेतली. पानठेल्यावरची मंडळी उठून उभी राहिली. हा काही रमजान नव्हता, तरी टोपी आणि ती चाल सगळ्यांच्या ओळखीची होती.

“काय गयासभाई,” ठेल्यावरून कुणीतरी विचारलं, “भरदुपारी कोनाले घेऊन चालले?”

गयासुद्दीन थांबले नाहीत. सगळ्या ताजनापेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “गवाह घेऊन चाललो. माझ्या पोरीनं पाह्यला.”